कासारणीनं न भरलेला हात

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९१. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. यावलच्या बाजारपेठेत आपल्या दुकानाच्या ओट्यावर बसून कुंदाबाई कासार हिरव्या काचेच्या बांगड्या सुतळीत ओवून बांधत होती. दोन-चार मापाच्या वेगळ्या, दोन-सहाच्या वेगळ्या, दोन-आठच्या वेगळ्या. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पुढच्या सोमवारपासून तुळशीची लग्नं, मग माणसांची. वर्षातले सगळ्यात जास्त हात याच दिवसांत भरायचे असतात.

नवरा मोतीलाल आत खोकत होता. "एवढी मोळी घेऊन सावद्याच्या पुढे जायचं. खांद्याचं काय?"

"खांदा माझा आहे. तुम्ही गिऱ्हाईक सांभाळा."

तिनं मोळी उजव्या खांद्यावर घेतली. डाव्या खांद्यावर ती पाच वर्षं काही घेत नव्हती. शहाऐंशी साली मुंबईत तिच्या डाव्या छातीचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, आणि टाके वाळल्यावर तिला घरी पाठवलं. घरच्यांनी तो हात पाच महिने छातीशी धरून ठेवायला लावला. कुणी सांगितलं नव्हतं की असं करा. असं करू नका, हेही कुणी सांगितलं नव्हतं. सहाव्या महिन्यात हात कानापर्यंत जाईना, आणि तो आजही जात नाही. एक्कावन्न वर्षांच्या या बाईनं पाच वर्षांत स्वतःची वेणी स्वतः घातलेली नाही.

एकोणनव्वदमध्ये ती धुळ्याला बहिणीकडे गेली होती. तिथल्या एका दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिचा खांदा फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "तीन वर्षं आधी यायला हवं होतं."

"तीन वर्षं आधी कुणी सांगितलं असतं तर आले असते," कुंदाबाई म्हणाली.

त्या बाईंना राग आला नाही. त्यांनी तिला चार दिवस रोज तासभर बसवून सगळं शिकवलं: भिंतीवर बोटं कशी चढवायची, सूज अंगठ्यानं दाबून कशी ओळखायची, कोणत्या हाताला सुई टोचू द्यायची नाही, डाळ आणि दूध का हवं. तेव्हापासून कुंदाबाई यावल ते रावेरमधल्या गावांत बांगड्या भरत भरत हे काम करते. ऑपरेशन झालेल्या नऊ बायका तिला सापडल्या. दोन गेल्या, सात आहेत. नर्सबाई घरात आली तर सासू दारातच विचारते, काय काम आहे. कासारणीला कुणी विचारत नाही. सासूसमोर बसून सुनेचा हात हातात घेण्याचा तिचा हक्क पिढीजात आहे. मागच्या खेपेला दोन-चार बसलेल्या मनगटाला या खेपेला दोन-सहा लागली, तर हात सुजलाय हे कासारणीला डॉक्टरच्या आधी कळतं.

एसटीत शेजारच्या माणसानं वर्तमानपत्र उघडलं होतं. तिसऱ्या पानावर परवाच्या रविवारचा फोटो होता. खाली छापलं होतं: जळगावात कर्करोगमुक्त महिलांसाठी आहार व व्यायाम मार्गदर्शन शिबिर उत्साहात संपन्न. फोटोत अकरा माणसं होती. त्यांत रुग्ण एकही नव्हती. कुंदाबाईला हे खात्रीनं माहीत होतं, कारण त्या शिबिराला ती स्वतः गेली होती. सभागृहातल्या शंभरेक माणसांत ऑपरेशन झालेल्या बायका आठ होत्या. त्या आठही मागच्या रांगेत बसल्या होत्या, पुढच्या तीन रांगा निमंत्रितांच्या होत्या.

वक्त्यांनी आहाराचा तक्ता पडद्यावर दाखवला. सफरचंद, मोसंबीचा रस, बदाम, मासे. ज्या जिल्ह्यातून केळीच्या वॅगनी भरून दिल्लीला जातात, त्या जिल्ह्यातल्या तक्त्यात केळं नव्हतं. उडीद नव्हता, शेंगदाणा नव्हता, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नव्हती. मग व्यायाम. रोज अर्धा तास मोकळ्या हवेत चाला, टेनिस चेंडू दाबा. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा कुंदाबाई उभी राहिली.

"हात सुजला तर बांगड्यांचं काय करायचं? घरचे काढू देत नाहीत."

वक्ते हसले. "बाई, हा आरोग्याचा विषय आहे. नटण्यामुरडण्याचा नाही."

पुढच्या तीन रांगाही हसल्या. मग गुच्छ देण्यात आले. व्यासपीठावर भिंत होती, चांगली पंधरा फूट लांब. तिच्यासमोर त्या आठ बायकांपैकी एकीला उभं करून हात कसा वर न्यायचा, हे दाखवायला पाच मिनिटं लागली असती. आभारप्रदर्शन वीस मिनिटं चाललं.

सावद्याला उतरून ती दोन किलोमीटर चालली. भागाबाईचं घर गावाच्या तोंडाशीच होतं, पाठीमागे केळीची बाग. तिथं कुंदाबाई पंचवीस वर्षं बांगड्या भरत होती. या खेपेला निरोप होता तो धाकट्या मुलीच्या, लताच्या लग्नाचा. पण कुंदाबाई आली होती ती सुनेसाठी. भागाबाईची सून बेबाबाई, वय चौतीस. जुलैत मुंबईला तिचं छातीचं ऑपरेशन झालं, मग पंचवीस दिवस किरणांचा शेक. सप्टेंबरच्या शेवटी ती घरी आली, आणि तेव्हापासून कुणाच्या नजरेला पडली नव्हती.

"ये व कुंदा, तुझीच वाट पाहू राह्यली मी," भागाबाईनं चटई टाकली. "आधी नवरीले भर."

लताचे हात भरून झाले. दोन्हीकडे एकेक डझन. मग भागाबाईनं आत हाक मारली, "बेबा, बाहीर ये. कासारीण आली."

बेबाबाई आली. जुन्या लुगड्याच्या पट्टीची झोळी गळ्यात होती आणि डावा हात तिच्यात. गालाची हाडं वर आली होती. पोलक्याला दोन्ही बाजूंनी चिमट्या घेऊन टाके घातले होते.

"सात आठवडे झाले," भागाबाई म्हणाली, "एक तांब्या उचलू दिला नही मी तिले. हात हालूच दिला नही. विचार तिले."

"खरंय," बेबाबाई म्हणाली. "आत्याबाई मले न्हाऊ घालतात."

कुंदाबाईच्या मनात संताप चढत होता, पण तो टाकायला जागा सापडत नव्हती. भागाबाई दुष्ट असती तर भांडण सोपं होतं.

"खायला काय देते?"

"पेज. भाकरी चहात कुस्करून. पथ्याचं बठ्ठं, चुलीपासून ताटापर्यंत, मीच पाह्यते. डाळीनं जखम पिकते. दह्यानं सूज येते. केळं गार."

"सात आठवड्यांत केळं नाही?"

"एकही नही," भागाबाई अभिमानानं म्हणाली. मागच्या बागेत घड कापायचं काम चालू होतं. कोयत्याचा आवाज चटईपर्यंत येत होता.

कुंदाबाईनं झोळी सोडवून हात बाहेर काढला आणि मनगटावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. मनगटात दहा बांगड्या रुतल्या होत्या. दोन बांगड्यांच्या मध्ये कातडी फुगून वर आली होती.

"या कुणी भरल्या?"

"भुसावळले, स्टेशनाच्या बाहीर," भागाबाई म्हणाली. "मुंबईच्या दवाखान्यानं ऑपरेशनच्या आधी बठ्ठ्या काढल्या व्हत्या. मोकळे हात घेऊन ती गावात येईन का? मी सोता भुसावळले गेली. तिथल्यानं साबण लावून बसवल्या."

"दोन-सहा आहेत. तेव्हाच लहान होत्या." कुंदाबाईनं मनातल्या मनात त्या भुसावळच्या कासाराला दोन शिव्या घातल्या. ज्याला हात पाहून माप कळत नाही, त्यानं चुरमुरे विकावेत. "या काढाव्या लागतील, अक्का. आज. आत्ता."

"काढ ना मंग. नव्या दोन-आठ भर."

"उजव्या हातात भरते. डाव्यात भरणार नाही."

लता चटईवरून अर्धी उठली. कासारीण सवाष्णीचा हात भरायला नाही म्हणते, हे त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. गावातही नसावं. अंगावरचे दागिने मोडले तरी चालतात, पण काचेच्या बांगडीवाचून मनगट राहतं ते फक्त नवरा गेल्यावर.

"काय बोलली?" भागाबाईचा आवाज बदलला. "पुन्हा बोल. माझा जीवराम सावद्याच्या स्टेशनावर वॅगन भरू राह्यला, धडधाकट. आन् तू माझ्या ओसरीत बसून त्याच्या बायकोचा हात मोकळा ठेवते? कासारीण आहे का वैरीण?"

"हात सुजलाय. काच रुतली, कापली, की त्यात विष भरेल. मग हातच नाही राहणार, कशात भरशील?"

"डॉक्टरीण झाली का तू?"

कुंदाबाईनं पदर बाजूला केला आणि स्वतःचा डावा हात पुढं धरला. उजव्या मनगटात दोन डझन बांगड्या होत्या. डाव्यात एकही नव्हती.

"पाच वर्षं झाली, अक्का. माझ्याही छातीचं ऑपरेशन झालंय. मोजून घे, दोन्ही हातांच्या बांगड्या उजव्यात घालते."

भागाबाईनं हाताकडे पाहिलं, मग तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे. "आन् मोतीलाल?"

"यावलला दुकानात बसलाय. दमा आहे, पण तो लग्नाआधीचा. बाकी भांडायला ठणठणीत."

लताला हसू आवरलं नाही. आईनं पाहिल्यावर तिनं तोंडावर हात घेतला.

"पाच वरीस तू असा हात घेऊन माझ्या घरी येते," भागाबाई म्हणाली, "आन् मले हे दिसलं नही?"

"कासारणीचा हात कोण पाहतं? सगळ्या आपापला पाहतात."

मग बेबाबाई म्हणाली, "आत्याबाई, लई दुखतं. मी सांगत नव्हती." घरात आल्यापासून तिनं केलेली ही पहिली तक्रार होती. भागाबाई उठून आत गेली. ती रागावली असं कुंदाबाईला वाटलं. पण ती ओलं फडकं घेऊन परत आली.

कुंदाबाईनं पिशवीतून बारीक पक्कड काढली. फडक्याची घडी बांगडीखाली सरकवायला जागा नव्हती. तिनं तेलाचं बोट फिरवून एकेक धागा जाईल एवढी फट केली, वरून फडकं गुंडाळलं आणि बांगडी पकडीत दाबली. कट्. बांगडी फुटली असं या घरात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. प्रत्येक आवाजाला भागाबाई डोळे मिटून म्हणत होती, "वाढली. वाढली." दहा वेळा. पंचवीस मिनिटं लागली. एक थेंबही रक्त आलं नाही. मनगटावर मात्र दहा तांबडे वळ राहिले, आणि त्यांकडे पाहून भागाबाईनं मान दुसरीकडे वळवली.

उजवा हात भरून झाल्यावर कुंदाबाई म्हणाली, "आता डावा वर कर."

हात खांद्याच्या खालीच अडला.

"मुंबईला दाखवलं नाही का कुणी, कसं करायचं ते?"

"कागद दिला व्हता," बेबाबाई हळूच म्हणाली. "चित्रांचा."

"कुठाय?"

बेबाबाईनं सासूकडे पाहिलं. लतानंही पाहिलं.

"आहे," भागाबाई म्हणाली. "जाळला नही मी. पण तो देवाच्या घरात ठेवायच्या लायकीचा नही." तिनं गव्हाच्या कोठीमागून चार घड्या केलेला कागद काढला आणि दोन बोटांनी धरून कुंदाबाईच्या पुढ्यात टाकला. "पाह्य. आठ चित्रं. आठी चित्रांत बाई तीच. कपाळ मोकळं, गळा मोकळा, हात मोकळे. नवरा मेलेल्या बायांचा कागद आहे तो. चुकून आमच्या पिशवीत आला. माझा पोरगा जिता असताना मी त्यातलं माझ्या सुनेले करू देऊ?"

कुंदाबाईनं कागद उलगडला. मजकूर इंग्रजीत होता. रेघांनी काढलेली एक बाई भिंतीसमोर उभी होती, दोरी ओढत होती, हात डोक्यामागे नेत होती. आठही चित्रांत तिचं मनगट कोरं होतं.

भागाबाईचं म्हणणं तिला वेडगळ वाटलं नाही. पन्नास वर्षं जी बाई माणसांची दशा त्यांच्या मनगटावरून वाचत आली, तिनं चित्रही तसंच वाचलं. वाचायला दुसरं काही दिलंच नव्हतं. ज्यांनी हा कागद काढला, ते शिकलेले होते. ज्या बायकांना तो द्यायचा त्या कुठून येतात, काय नेसतात, कोणती भाषा बोलतात, हे त्यांना रोज समोर दिसत होतं. तरी मजकूर इंग्रजी. चार ओळी मराठी लिहायला कुणाला वेळ झाला नाही, आणि चित्र काढणाऱ्याच्या पेन्सिलीला सहा बांगड्या आणि एक टिकली जड झाली. त्याची किंमत म्हणून सात आठवडे एक चांगला खांदा झोळीत आखडत राहिला. कुंदाबाईच्या स्वतःच्या खांद्याची किंमत कुणी विचारलेलीच नव्हती.

"अक्का, चुकून नाही आला. हिच्यासाठीच दिलाय."

"मंग बांगड्या काबरं नही काढल्या त्या बाईच्या हातात?"

"ते त्यांना विचारायला पाहिजे. मी रविवारी विचारायला गेले होते, तर हसले."

लता बारावी झाली होती. ती अडखळत वाचत गेली. तिसऱ्या चित्राखाली लिहिलं होतं, दिवसातून तीनदा, दर वेळी दहा वेळा. स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीसमोर बेबाबाईला उभं केलं. बोटं भिंतीवर टेकवायची आणि मुंगी चढते तशी एकेक वर न्यायची.

"दुखलं की थांब," कुंदाबाई म्हणाली. "रडू आलं म्हणून थांबू नको."

बेबाबाई रडली आणि थांबली नाही. दहाव्या खेपेला बोटं जिथं अडली तिथं खूण करायला कुंदाबाईनं चुलीतला कोळसा उचलला.

"ए! दिवाळीले सारवली मी भिंत. काळं लावू नको तिले." भागाबाईनं देवघरातून करंडा आणला, बोट बुडवलं आणि सुनेच्या बोटांशेजारी कुंकवाचा ठिपका लावला. लतानं शिवणाची टेप लावून उंची घेतली आणि कागदाच्या पाठीमागे लिहिली.

बाराच्या सुमाराला जीवराम आला. अंगावर केळीच्या चिकाचे डाग. त्यानं भिंतीकडे पाहिलं, बायकोच्या मोकळ्या मनगटाकडे पाहिलं, मग आईकडे. आई काही बोलली नाही, म्हणून तोही त्यावर काही बोलला नाही. कागद मात्र ओळखला.

"हा मीच सही करून घेतला व्हता. डॉक्टर म्हणे, एक्सरसाइज करवा. मले वाटलं, आजारी बाईले कोण कसरत लावतं?"

"विचारलं का?"

"माझ्या मागं चाळीस लोक उभे व्हते, मावशी. तो एवढं बोलला आन् पुढच्याले हाक मारली."

"आणि जिचा हात, तिला कुणी सांगितलं?"

"ती बाहीर बाकावर बसेल व्हती." एवढं बोलून तो खाली पाहू लागला.

जेवणाचं मात्र भागाबाईनं घासाघीस करून मिटवलं. डाळ कबूल. दूध कबूल. दाण्याची चटणी, तिखट कमी करून, कबूल. कळण्याची भाकरी संध्याकाळी. केळ्याला तिनं मान हलवली.

"केळं नही. गार ते गार."

"दिल्लीवाल्यांना गार पडत नाही का? वॅगनी भरून जातात."

"त्यांचं त्यांच्यापाशी." मग जरा थांबून, "वेलची लावून देईन एखादं. जास्त नही."

"रोज एक."

"रोज एक. पण वेलची लावूनच."

दही तिनं शेवटपर्यंत मान्य केलं नाही. कुंदाबाईनं तो हट्ट धरला नाही.

निघताना तिनं दुसऱ्या टोकाची भीती बोलून दाखवली, कारण सात घरांपैकी तीन घरांत तेच झालं होतं. "हात हलायला लागला म्हणून बादली देऊ नका हिच्या हाती. पाटा-वरवंटा नाही, जातं नाही, लग्नाची पीठं नाहीत. डाव्या हाताला सुई नाही, कुणी डॉक्टर म्हणाला तरी. व्यायाम म्हणजे काम नव्हे, अक्का. आपल्याकडं बाईनं हात हलवला की लोक त्यात काहीतरी ठेवतात."

"मी काय रावण आहे का?" भागाबाई म्हणाली.

"नाहीस. म्हणून तर सांगते."

झोळीची पट्टी भागाबाईनं धुवायला टाकली. खांदा पुरता सुटेल का, हे कुंदाबाईनं सांगितलं नाही. तिला ते माहीत नव्हतं. सात आठवडे उशीर झाला होता. तिच्या स्वतःच्या बाबतीत तीन वर्षं झाला होता, एवढाच काय तो फरक.

उद्या बुधवार. सावद्याला वॅगन लागलेली असल्यानं जीवराम सकाळी सहाला घर सोडेल. त्यानंतर साडेसहाला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला बेबाबाईनं भिंतीसमोर उभं राहायचं आहे, दर वेळी दहा वेळा. कुंकवाचा पहिला ठिपका जमिनीपासून तीन फूट अकरा इंचांवर आहे.